कौलारू घराची दुरुस्ती आणि ठेकेदाराशी करावयाचा व्यवहार

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर आरे आणि वारे ही जोडगावे लागतात. एका अंगास समुद्र व सुरूचे बन, दुसऱ्या अंगास जांभ्याचा डोंगर आणि माडांच्या आडोशाने वसलेली कौलारू घरे, अशी या भागातील वस्तीची ठेवण आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, किंबहुना काही वर्षी त्याहूनही अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. अशा ठिकाणी छपराची बाब ही केवळ राहण्याच्या सोयीची बाब नव्हे. भाताचे बियाणे, कणगीतील धान्य, गुरांचा पेंढा आणि खताच्या गोण्या ही सर्व त्याच छपराखाली असतात. जूनमध्ये आढे गळू लागले तर पेरणीचे बियाणे आधी भिजते, माणसे त्यानंतर.

पूर्वी वैशाखात घराची शाकारणी होत असे. वाडीतीलच चार जाणती माणसे कौले उतरवीत, फुटकी वेगळी काढीत, किडके वासे व रिपा बदलीत आणि कौले परतून पुन्हा बसवीत. ज्याने कौल बसविले तो पावसाळाभर शेजारीच राहत असे. गळले तर त्यास हाक मारता येई. त्या व्यवहारात कागद नव्हता हे खरे, तथापि ओळख व शेजार हाच त्याचा जामीन होता. आता घरातील तरुण मंडळी मुंबईस अथवा रत्नागिरी शहरात असतात, छपरावर चढणारे हात गावात थोडे उरले आहेत आणि दुरुस्तीचे काम बाहेरील ठेकेदाराकडे जाते. त्यांतील बरेच ठेकेदार प्रामाणिक व कसबी आहेत. परंतु काम संपताच निघून जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत जुना जामीन उरत नाही, आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढणे घरमालकास भाग आहे.

घाई हे फसवणुकीचे मूळ

दि. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली तालुक्यांतील घरांची छपरे त्यात उडाली. पुढील वर्षी, दि. 16 मे 2021 रोजी, तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. दोन्ही प्रसंगी वेळ विशेष वाईट होती. एका वेळी मोसमी पाऊस दारात उभा होता, दुसऱ्या वेळी तो जेमतेम तीन आठवड्यांवर आलेला होता. एकाच आठवड्यात हजारो घरांना पत्रे, कौले, वासे आणि सुतार हवे झाले. अशा वेळी जो प्रथम भेटेल त्याच्या हाती पैसे ठेवले जातात. दर विचारण्याचेही भान राहत नाही.

तौक्ते वादळानंतर राज्य शासनाने घरांच्या नुकसानीसाठी पंचनाम्यातील टक्केवारीनुसार 15 हजार रुपयांपासून, घर पूर्ण नष्ट झाले असल्यास दीड लाख रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. मदत मिळाली ही चांगलीच गोष्ट होय. परंतु तिचे आकडे सर्वांना ठाऊक होतात, ठेकेदारालाही. तो मग कामाचा अंदाज न काढता मदतीचाच अंदाज काढतो. ज्या घरास 25 हजार मिळाले त्या घराची दुरुस्ती नेमकी 25 हजारांची ठरते आणि शेजारच्या तेवढ्याच कामाची 50 हजारांची. यास्तव मदत किती मिळाली हे ठेकेदाराशी बोलताना काढूच नये. आधी काम मोजावे, मग दर ठरवावा.

काय बिघडले ते मालकाने स्वतः पाहावे

"सगळे लाकूड गेलेले आहे, छप्पर नवेच करावे लागेल," हे वाक्य कोकणातील घरमालकाने अनेकदा ऐकलेले असते. ते कधी खरे असते, पुष्कळदा नसते. जुन्या घरातील साग, ऐन किंवा फणसाचे लाकूड वरून काळे पडले तरी आतून धड असू शकते. लाकूड प्रथम कुजते ते ठरावीक जागी: वाशाची पागोळीकडील टोके, भिंतीत गेलेली तुळईची टोके, आणि जेथे कौल फुटून वर्षानुवर्षे पाणी झिरपले अशा जागा. तेथे धारदार टोचणी किंवा चाकूचे टोक दाबून पाहावे. टोक सहज आत गेले तर लाकूड गेले असे समजावे. न शिरल्यास व हातोडीने ठोकल्यावर भरीव आवाज आल्यास ते ठेवावे. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती मोडून आत जिवंत वाळवी आहे की जुनी वाट आहे हे पाहावे. बदलावयाच्या वाशांवर खडूने खूण करावी, त्यांची संख्या लिहावी आणि मगच ठेकेदारास बोलवावे. दोन वेगवेगळ्या सुतारांकडून ही मोजणी करून घेतल्यास फार उत्तम.

कौलांचा हिशेब तर शाळेत जाणारा मुलगाही करू शकेल. मंगलोरी कौले एका चौरस मीटरला सुमारे 15 लागतात. दोन पाखी असून प्रत्येकाची लांबी 9 मीटर व उतारावरची रुंदी 5 मीटर असेल तर क्षेत्रफळ 90 चौरस मीटर, म्हणजे कौले 1,350. वाहतुकीतील फूट शेकडा 5 धरली तरी 1,420 च्या आसपास पुरावीत. त्यातून जुनी निम्मी चांगली निघाली तर नवी सातशे-साडेसातशेच हवीत. अशा घरास कोणी 2,000 नवी कौले सांगितली तर उरलेली कौले कोठे जाणार, हे विचारण्याचा मालकास पूर्ण अधिकार आहे.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. उतरविलेली जुनी कौले, सागाच्या तुळया, नक्षीचे खांब व जांभ्याचे चिरे यांना बाजारात किंमत असते. "जुने सामान आम्हीच उचलून नेऊ, तुम्हास त्रास नको," असे ठेकेदार सांगतो आणि मालकास ते उपकारासारखे वाटते. प्रत्यक्षात कित्येकदा नफ्याचा मोठा भाग त्याच गाडीतून जातो. जुने सामान कोणाचे, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे.

छप्पर एकदम उघडू देऊ नये

फसवणुकीची सर्वांत सोपी रीत अशी: ठेकेदार इसार घेतो, दुसऱ्या दिवशी चार माणसे आणतो आणि संध्याकाळपर्यंत संपूर्ण घराची कौले उतरवितो. मालकास काम झपाट्याने चालल्याचे समाधान वाटते. तिसऱ्या दिवशी माणसे येत नाहीत. चौथ्या दिवशी ठेकेदार येऊन सांगतो की आत पाहिले तर लाकूड फार खराब निघाले, आणखी 40 हजार लागतील. पश्चिमेस ढग भरलेले असतात आणि घर उघडे असते. या क्षणी मालक जे मागतील ते देतो, कारण घासाघीस करण्याचे त्याचे बळ कौलांबरोबरच खाली उतरलेले असते.

म्हणून छप्पर पाख्यापाख्याने, शक्य तर खणाखणाने उघडावे. जेवढे सकाळी उघडले तेवढे संध्याकाळपर्यंत झाकता आले पाहिजे, असा करारच करावा. मे महिन्याच्या उत्तरार्धात तर हा नियम मोडू नये. घरात एक मोठी ताडपत्री आधीच आणून ठेवावी. तिचा खर्च एका रात्रीच्या पावसाने होणाऱ्या नुकसानीपुढे काहीच नाही.

छप्पर उघडल्यावर जास्तीची खराबी निघते हे मात्र खोटे नव्हे. प्रामाणिक सुतारालाही वरून सर्व दिसत नाही. यासाठी जास्तीच्या कामाचा दर आधीच ठरवून ठेवावा: लाकूड घनफुटाला इतके, वासा बदलण्याची मजुरी नगाला इतकी. खराब वासा मालकास दाखविल्याशिवाय काढू नये आणि काढलेला वासा मोजणी होईपर्यंत अंगणातच ठेवावा. असे ठरलेले असले म्हणजे जास्त काम निघाले तरी तंटा निघत नाही, आणि चांगल्या कारागिरासही आपल्या कष्टाचा मोबदला मागताना संकोच वाटत नाही.

सामान

साधेल तेथे सामान मालकाने स्वतः घ्यावे आणि ठेकेदारास केवळ मजुरीचे काम द्यावे. सामानासह उक्ते काम दिल्यास प्रत्येक वस्तूची जात, माप व संख्या लिहून घेतल्याशिवाय देऊ नये. "चांगल्या प्रतीचे लाकूड" या शब्दांना काही अर्थ नाही. साग की ऐन, पक्के लाकूड की पांढरा रसगाभा, हे लिहावे लागते.

वाळू व खडी ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. गाडीच्या हौद्याची आतील लांबी 10 फूट, रुंदी 6 फूट आणि मालाची सपाट केलेली उंची अडीच फूट असेल तर माल 150 घनफूट, म्हणजे दीड ब्रास होतो. मधला ढीग उंच व कडा रिकाम्या असा माल मोजून दोन ब्रास म्हणून उतरविला जातो. माप गाडी रिकामी करण्यापूर्वी, माल सपाट करून, फितीने घ्यावे. नंतर जमिनीवरील ढिगावरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

आरे-वाऱ्यासारख्या गावी किनाऱ्यावरील किंवा खाडीची वाळू स्वस्तात आणून देण्याचे आमिष दाखविले जाते. ही वाळू घेऊ नये. किनाऱ्यावरून ती उचलणे बेकायदेशीर आहे, आणि तिच्यातील मीठ हवेतील ओल खेचून घेते. गिलाव्यावर पांढरे फूल येते, तो सुटतो आणि स्लॅबमधील लोखंडी सळ्या गंजून फुगतात व काँक्रीट फोडतात. हा दोष पहिल्या वर्षी दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. तो दिसेपर्यंत ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा अथवा महिना व वर्ष छापलेले असते. किनाऱ्याच्या दमट हवेत तीन महिन्यांहून जुने सिमेंट घेऊ नये. गोणीत हात घातल्यावर गुठळ्या लागल्यास परत करावी. रिकाम्या गोण्या ठेकेदारास न देता घरात जपून ठेवाव्यात. 50 किलोच्या 20 गोण्यांचे पैसे लावले असतील तर 20 रिकाम्या गोण्या दिसल्या पाहिजेत. हा हिशेब अक्षरओळख नसलेली वृद्ध आईसुद्धा ठेवू शकते.

पत्र्याच्या बाबतीत जाडीत फसवणूक होते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सपाट पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 3.9 किलो भरते, तर 0.35 मिलिमीटरचे सुमारे पावणेतीन किलो. पन्हाळी पत्र्यात घड्यांमुळे आकडा थोडा वाढतो, पण फरक तराजूवर लपत नाही. पातळ पत्रा खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतो आणि वादळात खिळ्याभोवती फाटून उडतो. वारा पत्रा प्रथम पागोळीकडून व आढ्याकडून उचलतो. म्हणून त्या दोन ओळींतील हुक वा स्क्रू मधल्या भागापेक्षा जवळजवळ घातले आहेत की नाही, हे काम चालू असतानाच शिडीवर चढून पाहावे किंवा दुसऱ्या जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे.

पैसा कामाच्या पुढे जाऊ नये

सर्व काळजीचे सार या एका गोष्टीत आहे, म्हणून तिचा थोडा विस्तार करणे इष्ट ठरेल. ज्या दिवशी ठेकेदाराने घेतलेला पैसा त्याने केलेल्या कामापेक्षा अधिक होतो, त्या दिवसापासून काम पूर्ण करण्यात त्याचे हित उरत नाही. त्यास लबाड असण्याचीही गरज नाही. दुसऱ्या गावी नवा इसार मिळत असला तर तो तिकडे जातो, इतकेच.

समजा, मजुरीची रक्कम 60 हजार ठरली. इसार 6 हजारांहून अधिक देऊ नये. वासे व रिपांचे काम मोजून पूर्ण झाल्यावर 18 हजार, कौले व कोने बसल्यावर 18 हजार, पागोळी, भिंतीलगतचे सांधे व साफसफाई झाल्यावर 12 हजार द्यावे. उरलेले 6 हजार नारळी पौर्णिमेपर्यंत राखून ठेवावेत. तोपर्यंत आषाढाचा जोराचा पाऊस होऊन गेलेला असतो व छपराची खरी परीक्षा तोच घेतो. आपल्या कामाची खात्री असलेला गवंडी ही अट मान्य करतो. जो अजिबात मान्य करीत नाही, त्याजविषयी मालकास बरेच काही आधीच समजते.

रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. रोख दिल्यास तारखेसह पावती घ्यावी. सामानाचे बिल मालकाच्या नावे असावे. "बिल घेतले नाही तर कर वाचेल" या सल्ल्यास भुलू नये. त्यात वाचणारी रक्कम अल्प असते आणि गमावला जाणारा पुरावा संपूर्ण असतो.

करारपत्र लांबलचक नको. एका कागदावर दोघांची नावे व पत्ते, ठेकेदाराच्या ओळखपत्राची नोंद, कामाचा तपशील, सामानाची जात व माप, दर, हप्ते, सुरू करण्याची व संपविण्याची तारीख, जुन्या सामानाची मालकी, गळतीची जबाबदारी किती महिने, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे पुरे. दोन प्रती कराव्यात. मालक मुंबईस असल्यास एक प्रत घरात राहणाऱ्या व्यक्तीकडे हवीच, कारण काम डोळ्यांसमोर घडते ते तिच्या. पुष्कळ घरी ही व्यक्ती म्हणजे आई, काकी किंवा वहिनी असते, आणि तिला "तुम्हास यातले कळत नाही" असे म्हणून बाजूस सारले जाते. कागद तिच्या हाती असेल तर असे म्हणणे कठीण जाते. चाकरमान्याने रोज संध्याकाळी मोबाईलवर छायाचित्रे मागवावीत, मात्र वाशाजवळ मोजफीत धरून काढलेली. नुसत्या छपराच्या चित्रावरून काही समजत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी एप्रिलच्या ग्रामसभेत किंवा वाडीच्या बैठकीत दुरुस्तीचे प्रचलित दर वाचून दाखवावेत, कराराचा नमुना फळ्यावर लावावा आणि वाडीतील सात-आठ घरांची कामे एकत्र ठरविण्यास उत्तेजन द्यावे. आठ घरांच्या कामास बांधला गेलेला ठेकेदार एका घराचे काम अर्धवट टाकून सहसा जात नाही. तथापि कार्यकर्त्याने स्वतः एखाद्या ठेकेदाराची शिफारस करू नये. काम बिघडले तर गावाचा विश्वास ठेकेदारावरून नव्हे, त्याच्यावरूनच उडतो.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ही 2016 साली सुरू झालेली योजना असून तीत अनुदान हप्त्यांनी लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते, आणि घर लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यावे, शासनाने ठेकेदार नेमू नये, असा नियम आहे. म्हणून "योजनेतर्फे मलाच नेमले आहे" असे म्हणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा, पासबुक, एटीएम कार्ड किंवा मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणासही देऊ नये, हे कार्यकर्त्यांनी वृद्धांना घरी जाऊन सांगावे. सभेत सांगितलेले त्यांच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

फसवणूक झाल्यास

प्रथम काम आहे त्या स्थितीत छायाचित्रे घ्यावीत व दुसऱ्या जाणकार सुताराकडून उरलेल्या अथवा सदोष कामाचा लेखी अंदाज घ्यावा. पाऊस तोंडावर असल्यास हे करून घर लगेच झाकून घ्यावे. पुराव्यासाठी उघडे ठेवू नये. मग ठेकेदारास ठरावीक मुदत देऊन स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. पुष्कळ तंटे या पत्रानेच मिटतात.

न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग आहे. घरबांधणीच्या कामास 1993 सालच्या दुरुस्तीने या कायद्यातील 'सेवा' या संज्ञेत स्पष्ट स्थान मिळाले आणि 2019 च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. तक्रार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेही ती दाखल करता येत असल्याने मुंबईत राहणाऱ्या मालकास प्रत्येक तारखेस गावी येणे भाग पडत नाही. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील देण्याची सक्तीही नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. प्राथमिक सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

आरे-वाऱ्याच्या किनारी पर्यटकांसाठी निवास-न्याहारीच्या खोल्या बांधणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. भाड्याने द्यावयाच्या खोल्यांचे काम व्यापारी हेतूचे ठरण्याचा संभव असतो, व तसे ठरल्यास ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होऊ शकतो. राहत्या घराचे काम आणि खोल्यांचे काम यांची करारपत्रे व बिले त्यासाठी निरनिराळी करावीत.

पोलिसांकडे जावे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. काम अर्धवट राहिले एवढ्यावरून फौजदारी गुन्हा होत नाही. तो दिवाणी अथवा ग्राहक आयोगाचा विषय आहे. परंतु खोटे नाव सांगून, खोटी बिले दाखवून किंवा काम करण्याचा मुळीच हेतू नसता पैसे उचलले असतील, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक होते. एकाच माणसाने वाडीतील तीन-चार घरांकडून इसार घेऊन कोठेच काम सुरू केलेले नाही असे आढळल्यास, त्या सर्वांनी आपापल्या पावत्या घेऊन एकत्र पोलीस ठाण्यात जावे. एकेकट्याच्या तक्रारीत जो हेतू सिद्ध होत नाही, तो चार पावत्यांच्या तारखा एकापुढे एक ठेवल्यावर दिसून येतो.